सोलापूर चाललंय की

हात खांद्याच्या रेषेत पुढं लांबवायचा, मूठ आवळायची, एक डोळा मिटायचा आणि तसंच उभं राहून स्वतःलाच हळूहळू गोल फिरवायचं. भर दुपारी शाळेच्या रिकाम्या मैदानावर एखादा माणूस हे करताना दिसला, तर तुम्ही काय समजाल? मी आपला माणूस समजले. आमच्या चळवळीत मूठ दिसली की तिला उत्तर द्यायचं असतं. मी स्कूटी स्टँडला लावली, मूठ वर केली आणि घसा ताणून ओरडले, "जिंदाबाद!"

त्यांनी मिटलेला डोळा उघडला नाही. उघडा होता त्यानंच माझ्याकडं बघितलं.

"जिंदाबाद तर जिंदाबाद," ते म्हणाले. "पण जरा बाजूला व्हा, अक्का. तुमी माज्या आभाळात आलाय."

हे अण्णा. मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड, रस्त्यावर मराठी, आणि ऑफिसच्या फोनवर मोडकंतोडकं इंग्रजी. मोडनिंबपासून मैंदर्गीपर्यंत जे काही खांब आहेत त्यांची देखभाल त्यांच्याकडं होती. खांब म्हणजे तुम्हीही पाहिले असतील, पाहून न पाहिल्यासारखं केलं असेल. माणसाच्या उंचीचा सिमेंटचा जाडजूड खांब, त्याच्या डोक्यावर पांढरा घुमट, बाजूला कुलूप लावलेली लोखंडी पेटी आणि एक सौर पॅनेल. देशभर असे उभे आहेत. रात्रंदिवस उपग्रहांचं ऐकतात, आणि जमीन मोजणारा कुणी शिवारात यंत्र घेऊन उभा राहिला की त्याची जागा बोटाच्या पेराइतकी नेमकी सांगायला मदत करतात.

हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी तिथं गेले होते ती पत्रकं वाटायला. मंद्रूपच्या पुढं, विजापूर रोड सोडून आत गेल्यावर लागणारं ते गाव. शाळेच्या मैदानात कुणालाही न विचारता खांब उभा राहिला होता. विचारलं नाही, की माझं डोकं फिरतं. पत्रकाचं शीर्षक मी ठळक टाइपात छापून घेतलं होतं: हा खांब कुणाचा? खाली तीन प्रश्न आणि पाच उद्गारचिन्हं.

अण्णांनी पत्रक उभ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीतलं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

"गावावर नजर कुणाची, असं लिवलंय तुमी. ह्याला नजर न्हाय, अक्का. नुसते कान हायत. ते पण वरच्या बाजूला."

"पण खांब कुणाचा?" मी सोडत नव्हते.

त्यांनी थोडा विचार केला. "ज्याला आपण कुटं हाय ते कळत न्हाय, त्याचा."

मग माझ्या पत्रकाची चार पदरी घडी घालून ती त्यांनी लोखंडी पेटीच्या दाराच्या फटीत दाबून बसवली. "पाल जाती आत. कागद जाड हाय तुमचा. लई बेस."

मी रागीट आहे, हे लपवत नाही. लपवायचं असतं तर पत्रकं कशाला छापली असती? पण माझ्या लिखाणाचा इतका थेट उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता, हेही खरं.

पुढं ओळख वाढली ती त्यांच्या एका उत्तरामुळं. आपल्याकडं माणूस भेटला की "काय चाललंय?" विचारतात आणि समोरचा "चाललंय की" म्हणतो. कुणी कुणाचं ऐकत नसतं. अण्णांना विचारलं की ते थांबत, पायाखाली बघत आणि म्हणत, "सोलापूर चाललंय की."

पहिल्यांदा मला वाटलं, शहराच्या कारभारावर टोमणा आहे. मी लगेच सुरू झाले, रस्ते, पाणी, गटारं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तसं न्हवं हो. खरंच चाललंय. ईशान्येला. आपण उभे हाय ती जमीनच सरकती. आपली नखं वाढत्यात न्हाय का, त्याच्यापेक्षा जरा जोरात."

"कुणी सांगितलं?"

"ह्यानं." त्यांनी खांबाकडं हनुवटी केली. "दुसरं काय काम हाय त्याला? एका जाग्यावर उभं ऱ्हायाचं आणि आपण किती चाललो ते सांगायचं."

त्या दिवशी मी विजापूर रोडनं परत येत होते. ऊन पिवळं झालेलं. दोन्ही बाजूंनी ज्वारीची ताटं वाळत उभी. आणि मला एकदम वाटलं की मी गाडी चालवत नाही, मी नुसती बसले आहे आणि हा सगळा मुलूख, ही ज्वारी, तो लांबवर धुरकट दिसणारा साखर कारखाना, चादरीच्या मागांचं शहर, सिद्धेश्वराचं तळं आणि त्यातलं देऊळ, सगळं एका मोठ्या तराफ्यावर ठेवलेलं आहे आणि तराफा कुणाला न विचारता निघाला आहे. न विचारता! मला राग यायला हवा होता. आला नाही. पत्रक कुणाच्या नावानं काढणार?

एवढा जागेचा जाणकार माणूस, पण रस्त्याला सपशेल अडाणी. शहरात आले की हरवलेच. अशोक चौकातल्या छापखान्यात मला भेटायला यायचे, तर भलत्याच पेठेतून फोन करायचे. "अक्का, हितं एक हत्तीचं चित्र हाय भिंतीवर. मी कुटं हाय?" मी म्हणायचे, अण्णा, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये नकाशा आहे, तुमच्याच खांबांच्या भाऊबंदांनी तो बनवलाय. ते म्हणायचे, "जागा सांगता येती मला. रस्ता न्हाय. दोन्ही येगळं असतंय." आणि मग वाटेतल्या तीन माणसांना पत्ता विचारत, तिघांबरोबर तीन चहा पीत, घामाघूम होऊन पोचायचे. आल्याबरोबर पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढायचे, जणू माझ्यासाठीच हा प्रवास केला. बहुतेक केलेलाच असायचा.

गर्विष्ठ होते, हेही सांगायला हवं. आपल्या खांबांइतका स्वच्छ घुमट दुसऱ्या कुणाचा नाही, असं त्यांचं ठाम मत. टॉवेलचा मऊ तुकडा गळ्यात असायचा, घुमट पुसायला आणि कपाळ पुसायला तोच. पेटीतल्या बॅटऱ्या बदलायच्या, केबलची टोकं उंदरानं कुरतडली का बघायची, सिमकार्ड काढून फुंकर मारून परत बसवायचं, ही कामं ते मुकाट्यानं करत. खरी लढाई एका साळुंकीशी होती. ती घुमटावरच बसायची. अण्णा दोन्ही हात वर करून कन्नडमध्ये ओरडायचे, "ए, केळगऽ इळी! केळगऽ इळी!" खाली उतर, खाली उतर. मी विचारलं, मराठी का नाही? म्हणाले, "मराठीत लई येळा सांगून बघितलं. तिला घरचं बोललं की लागतं."

श्रावणात एका सोमवारी घुमटावर बेलाची पानं दिसली, खांबाला भस्माचे तीन पट्टे. पांढरा, गोल, उभा. गावातल्या बायकांनी चूक तरी काय केली? मी तावातावानं अंधश्रद्धेवर बोलायची तयारी करत होते. अण्णांनी पानं एकेक करून उचलली, खांबाच्या पायाशी मांडली आणि तिथं आलेल्या बायकांना म्हणाले, "ह्याच्या डोस्क्यावर फक्त आभाळ ठेवायचं असतंय. बेल पायाशी." बायकांना ते लगेच पटलं. भस्माचे पट्टे मात्र त्यांनी पुसले नाहीत. "त्यानं काय सिग्नल अडत न्हाय," असं मला हळूच म्हणाले.

आता मुठीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवायची. तिच्यावर आणखी अर्धी मूठ. तेवढा पट्टा झाडांना, घरांना, डोंगरांना सोडून द्यायचा. तिथून येणारा उपग्रहाचा आवाज तसाही मळकट असतो. त्याच्या वर मात्र काहीही नको. "दीड मुठीच्या खाली तुमचं," अण्णा म्हणायचे, "वरती त्याचं." दर खेपेला ते असं फिरून मोजत. लिंबाची फांदी वाढली का, कुणी मजला चढवला का, कुणी नवा पत्रा ठोकला का. पत्र्यावर त्यांचा फार राग. "पत्रा चुगलखोर असतो. उपग्रह सरळ येऊन सांगतोय, आणि ह्यो तेच ऐकून मागनं उलटं सांगतोय. खांबानं कुणाचं खरं धरायचं?"

आणि त्याच शाळेच्या मैदानात, त्याच खांबाला लागून, माझी अभ्यासिका मंजूर झाली.

माझी म्हणते, कारण तिच्यासाठी मी दोन उन्हाळे पंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. दहावीनंतर त्या गावातल्या मुलींना पुस्तक उघडून बसायला कोपरा नव्हता. घरात पाहुणे, गोठा, धाकटी भावंडं. आराखडा आला: दोन मजले, वर पत्र्याची शेड. जागा रस्त्यालगत, सपाट, खांबापासून चार पावलांवर.

अण्णांनी आराखडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच बघत होते मी तसा.

"खांब हलवायचा मग," मी म्हणाले. "पन्नास फूट तिकडं. त्यात काय?"

"हलवता येतो की. आमची एजन्सी तर म्हणती, हलवा. नवा खांब म्हंजे नवं काम, त्यास्नी बरंच." ते खाली बसले. "पण अक्का, हा उभा ऱ्हायल्यापास्नं जेवढा चाललाय, ती चाल एका दमातली हाय. उपटला की तुटली. तितं लावला तर पुन्यांदा पयल्या पावलापास्नं. गाव कुटं चाललंय ते इचारलं, तर सांगायचं काय? म्हाईत न्हाय, आमी मधी उठलो हुतो?"

"म्हणजे मुलींपेक्षा खांब मोठा?"

"तसं म्हनलो का मी?"

"अर्थ तोच होतो!"

ते उठून गेले. टॉवेलचा तुकडा तिथंच विसरले. आमच्यात बोलणं बंद झालं. छापखान्यात "मी कुटं हाय?" विचारणारा फोन यायचा थांबला. शहरातली सगळी माणसं आपापल्या जागी पोचतायत याचा मला इतका कंटाळा येईल, असं वाटलं नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. अण्णा आले, मागं उभे राहिले. त्यांना तिथं बोलायचा अधिकार नव्हता; वरून आदेश एवढाच होता, खांब हलवायच्या कागदावर सही घेऊन या. मी बोलले. चांगलं बोलते मी. "खांबाला आभाळ पाहिजे आणि आमच्या पोरींना छप्पर नको?" टाळ्या पडल्या. सरपंचबाईंनी अण्णांकडं बघितलं. "तुमाला काय म्हनायचंय का?"

"अक्का बोलल्या ते खरं हाय," अण्णा म्हणाले. "छप्पर पायजेच. फकस्त छपरानं दीड मुठीच्या खाली ऱ्हायाचं."

कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी किती रं बाबा?"

"या की. दावतो."

तुम्ही अशी ग्रामसभा पाहिली नसेल. मीही पाहिली नव्हती. सगळं गाव उन्हात खांबाभोवती उभं राहिलं, एकेक डोळा मिटून, हात लांब करून, मुठी आवळून. फेटेवाले, पदरवाल्या, शाळेचे मास्तर, अकरावीतल्या मुली. कुणी ओरडत नव्हतं. माझ्या आयुष्यात इतक्या मुठी मी घोषणेशिवाय पाहिल्या नव्हत्या. वाऱ्याचा आवाज येत होता, बास.

म्हातारीनं आपली मूठ बघितली. "माजी बारकी हाय रं. माज्या मुठीनं मोजू नगा, पोरींचं नुकसान हुईल."

"मूठ बारकी तर हात पण आखूड, आज्जी," अण्णा हसले. "बरुबर जमतंय ते. कुणाची पण मूठ चालती."

कुणाचीही मूठ चालते. मी इतकी पत्रकं लिहिली. हे वाक्य मला कधी सुचलं नाही.

मग एका गड्यानं लांब वेळूच्या टोकाला लाल फडकं बांधलं. तेवढी अभ्यासिकेची उंची. तो वेळू उभा धरून चालू लागला आणि खांबाजवळून सगळं गाव ओरडू लागलं. रस्त्यालगत फडकं मुठींच्या कितीतरी वर. "फुडं! अजून फुडं!" कुंपणाजवळ, तरी वर. मग तो शाळेच्या मागं वळला, जिथं जमीन ओढ्याकडं उतरते आणि लोक कचरा टाकतात. वेळू एकेक पाऊल उतारानं खाली जायला लागला. लाल फडकं हळूहळू, दिवस मावळावा तसं, मुठींच्या मागं चाललं होतं.

"बुडालं!" म्हातारी ओरडली. "बुडालं गं बया!"

गड्यानं तिथंच वेळू रोवला.

मी सहज मानलं असं समजू नका. ती जागा रस्त्यापासून लांब, वाट वाईट, मुली तिथवर जाणार कशा? मी भांडले. सरपंचबाईंनी पायवाट आणि दिवे सभेतच लिहून घेतले. कचरा उचलला गेला. पत्र्याच्या शेडऐवजी सिमेंटची गच्ची झाली. चुगलखोराला जागा मिळाली नाही. आणि अण्णांनी एकच मागणी केली, सगळे हसले तरी सोडली नाही: अभ्यासिकेचं दार ईशान्येला ठेवा.

"वास्तू का अण्णा?" मी चिडवलं. बोलणं तेवढ्यापुरतं सुरू झालं होतं.

"वास्तू न्हवं. जायाचंय तिकडं तोंड असावं मानसाचं."

ते सहीचा कागद कोराच घेऊन परत गेले. पावसाळा सरता सरता त्यांची बदली झाली. कुठं, ते ऐकून मी आधी हसले आणि मग पेटले. आसामात. त्याच एजन्सीचं तिकडच्या खांबांचं काम. मी पत्रकाचा मसुदा तिथल्या तिथं सांगायला सुरुवात केली: एका प्रामाणिक कर्मचाऱ्याला शिक्षा!

"नका," ते म्हणाले. "खांब जाग्यावर हाय न्हवं? झालं की."

"पण अन्याय आहे हा!"

"असंल. पर तुमी वरडलात तर ते म्हनतील, त्यो खांब लई नडतोय, हलवा. मी एकटा हललो तर काय चाल तुटत न्हाय."

निघायच्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले, नाहीतर हरवले असते. त्यांनी घुमट पुसला. पेटी उघडून बंद केली. मूठ धरून एक चक्कर फिरले. अभ्यासिकेच्या दिशेला आल्यावर जरा जास्त थांबले. गच्ची मुठीखाली होती. मग खांबाला हात न लावता, नातेवाइकाच्या दारात उभं राहून बोलावं तसं म्हणाले, "होगि बर्तीनी." जाऊन येतो.

"येणार आहात का परत?" मी विचारलं.

"म्हनायची रीत असती." त्यांनी टॉवेलचा तुकडा माझ्या हातात दिला. "आणि मला कशाला यायला लागतंय? ह्योच येतोय की माज्या मागनं."

"पोचेल का?"

"न्हाय पोचायचा. तिकडलं पण फुडंच चाललंय. पर एका वाटंला असतोय आपण. त्ये काय कमी हाय का?"

आता पेटीची किल्ली एका नव्या तरुण तंत्रज्ञाकडं आहे. चांगला मुलगा आहे, नकाशा बघून गाडीतून येतो, कधी हरवत नाही. परवा मी अभ्यासिकेत होते. दार सताड उघडं, आत मुली माना खाली घालून बसलेल्या, बाहेरून वारा येऊन वह्यांची पानं उलटत होता. घुमटावर साळुंकी बसलेली दिसली म्हणून मी बाहेर येऊन दोन्ही हात वर करून ओरडले, "केळगऽ इळी!" ती उडाली. तंत्रज्ञ दचकला.

त्यानं पेटी उघडली होती. दाराच्या फटीतून पिवळ्या पडलेल्या कागदाची घडी निघाली. त्यानं ती उलगडली आणि वाचलं, "हा खांब कुणाचा?" हसून म्हणाला, "कुणीतरी कचरा कोंबलाय, ताई. टाकून देऊ?"

"राहू द्या," मी म्हणाले. "पाल जाते आत."

त्यानं घडी होती तशी दाबून बसवली, कुलूप लावलं. हात झटकले. आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "बाकी काय चाललंय?"

मी पायाखाली बघितलं. मग समोर. शाळा चालली होती. खांब चालला होता, पायाशी वाळलेला बेल घेऊन. ओढ्याच्या उतारावरून अभ्यासिका चालली होती, दार उघडं टाकून, आतल्या मुलींसकट.

"चाललंय की," मी म्हणाले.